योद्ध्यांचे व्रत आणि कोऱ्या रकान्यांखालची सही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. कोथरूड परिसरातील काही तरुण-तरुणी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील क्लिंगॉन नावाच्या काल्पनिक योद्धाजमातीची मूल्ये रोजच्या जगण्यात पाळण्याचा प्रयत्न करतात आणि त्यासाठी दर महिन्याला एका सभागृहात जमतात, हे कळल्यावर त्यांना खेद झाला. ज्या शहरात लाल महाल आहे, शनिवारवाडा आहे, ज्याच्या क्षितिजावर सिंहगड दिसतो, त्या शहरातील मुलांनी कपाळावर वळ्या असलेल्या परग्रहवासीयांकडून शौर्याचे धडे घ्यावेत हा करंटेपणा आहे, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. अशा मंडळींना सार्वजनिक सभागृहे देऊ नयेत, ही त्यांची मागणी होती. त्यांच्या वयाचा आणि भावनेचा मान राखून मी हे उत्तर लिहीत आहे. या गटात माझा सख्खा भाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या म्हणण्याला कितपत वजन द्यायचे ते वाचकांना ठरवता येईल.

पत्रलेखकांनी मालिका पाहिलेली नसावी असे त्यांच्या मजकुरावरून वाटते, म्हणून प्रथम थोडी माहिती. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली. आमच्यापैकी अनेकांनी ती पुढे दूरदर्शनवर पाहिली. क्लिंगॉन तीत पहिल्यांदा आले ते २३ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेल्या भागात, आणि आले ते खलनायक म्हणून. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकी प्रेक्षकांच्या मनात रशियाची जी प्रतिमा होती तीच थोडा रंग फासून अवकाशात नेलेली होती. कपाळावरच्या वळ्या १९७९ च्या चित्रपटात आल्या. त्यांची भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी व्यवस्थित व्याकरणासह रचली आणि पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोश छापून निघाला. त्यामुळे ‘ही मुले काहीतरी निरर्थक बडबडतात’ हा पत्रलेखकांचा आक्षेप तेवढा खरा नाही. मोठा पालट झाला तो १९८७ मध्ये, जेव्हा नव्या मालिकेत वर्फ नावाचा क्लिंगॉन अधिकारी माणसांच्या अवकाशयानाच्या नियंत्रणकक्षात, काल ज्यांच्याशी वैर होते त्यांच्याच गणवेशात उभा दिसला. मायकेल डॉर्न या अभिनेत्याने ही भूमिका आधी त्या मालिकेत सात वर्षे आणि मग दुसऱ्या एका मालिकेत १९९५ ते १९९९ पर्यंत केली. क्लिंगॉनांचे आचारविचार, त्यांचे न्यायदान, त्यांच्या घराण्यांची भांडणे या सगळ्याला खोली आली ती बहुतांशी या एका पात्रामुळे.

वर्फची हकिकत या वादात मला फार उपयोगी वाटते. लहानपणी खितोमर नावाच्या वसाहतीवर झालेल्या हल्ल्यात त्याचे आईवडील मारले गेले आणि एका मानवी दांपत्याने त्याला मुलासारखे वाढवले. म्हणजे क्लिंगॉनांचा धर्म त्याच्या अंगवळणी पडला तो घरच्या वातावरणातून नव्हे. तो त्याने कळत्या वयात, दुरून, समजून-उमजून स्वीकारला. परिणाम असा झाला की साम्राज्यात जन्मलेले, मोठमोठ्या घराण्यांची नावे लावणारे सरदार सन्मानाच्या गप्पा मारत कटकारस्थाने करत असताना, तो सन्मान शब्दशः पाळणारा माणूस परक्यांच्या यानावर नोकरी करत होता, रोज वेळेवर कामावर हजर होत होता, सहकाऱ्यांना कवायत शिकवत होता आणि संध्याकाळी सुक्या आलुबुखाराचा रस हे योद्ध्याचे पेय आहे असे मानून तो चवीने पीत होता. (मालिकेतील हा विनोद लेखकांनी वर्षानुवर्षे जपला आहे.) कोथरूडमधली मुले जे करू पाहतात ते याहून वेगळे नाही. तीही एका दूरच्या, आपल्या नसलेल्या संस्कृतीचा आचार समजून घेऊन तो नोकरीत, घरात, रस्त्यावर लागू करून पाहत आहेत. फरक इतकाच की वर्फची संस्कृती कथेत तरी खरी होती, आणि या मुलांना ती खरी नाही हे पक्के ठाऊक आहे.

हे ठाऊक असणे हाच मला या खटाटोपातला सर्वांत मोठा लाभ वाटतो. इतिहासातल्या पुरुषांबद्दल बोलू लागलो की आपण लगेच वारसदार होतो. कोण कोणाचा, कोणाच्या कुळातला, कोणाला त्यांचे नाव घेण्याचा अधिकार, यावरून आवाज चढतात आणि मूळ गुणांची चर्चा राहून जाते. गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांची मुद्रा आणि गाडी मात्र एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने भरधाव, हे दृश्य पत्रलेखकांनीही पाहिले असेल. वारसा जन्माने मिळाला आहे असे एकदा मानले की तो पाळण्याची निकड उरत नाही. क्लिंगॉन कोणाचेच पूर्वज नाहीत. त्यांची जयंती नाही, पुण्यतिथी नाही, मिरवणूक नाही, त्यांच्यावरून कोणाच्या भावना दुखावत नाहीत. त्यामुळे त्यांचा एखादा नियम चांगला वाटला तर घेता येतो आणि वाईट वाटला तर भर बैठकीत तो वाईट आहे असे म्हणता येते. शिवाय क्लिंगॉन जन्माने होता येत नसल्यामुळे वागण्याखेरीज दुसरा मार्गच उरत नाही.

आता शिवचरित्राबद्दल. पत्रलेखकांना वाटते की ही मुले त्याकडे पाठ फिरवत आहेत. मला उलट असे वाटते की शौर्य म्हणजे काय याची जी कल्पना त्यांच्या पत्रात दिसते, ती शिवचरित्रात नाही. १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लढाईबद्दल त्यात फारसे काही नाही. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरा, आत्ता उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरी दाणे, भाकरी, गवत, भाजी मागू लागतील, आणि त्या गरिबांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्यातील मजकूर आहे. पुढे तर महाराज उंदरांवर येतात: रात्री दिवे जळते ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सारी वैरण जाईल. जगातल्या एका मोठ्या सेनानीला आपल्या सैनिकांकडून काय हवे होते, तर दिवा विझवून झोपणे आणि परक्याच्या परड्यातल्या भाजीला हात न लावणे. योद्ध्याची मूल्ये रोजच्या जगण्यात आणणे हा प्रकार थिल्लर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पत्र एकदा मुळातून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झालो, आणि भाचा चाकणच्या बाजूला दुसऱ्या एका कारखान्यात त्याच कामावर आहे. त्यामुळे या मूल्यांची कसोटी मला ज्या ठिकाणी पाहायला मिळाली ती जागा रणांगणापेक्षा पुष्कळच नीरस आहे. तयार झालेल्या शाफ्टच्या लॉटमधून ठरलेल्या संख्येने नग काढायचे, मायक्रोमीटरने त्यांचा व्यास मोजायचा, मापे अहवालाच्या रकान्यांत भरायची आणि खाली सही करायची, असे हे काम. महिनाअखेरीस गाडी दारात उभी असते, उत्पादन विभागाचा माणूस डोक्याशी येऊन थांबतो, आणि मग पुष्कळ ठिकाणी काय होते ते या धंद्यातला प्रत्येकजण जाणतो. चार नग मोजले जातात, मागच्या लॉटचा अहवाल शेजारी ठेवला जातो आणि त्यातल्या आकड्यांच्या शेवटच्या स्थानी किंचित इकडेतिकडे करून उरलेले रकाने भरले जातात. जाणकाराला असा अहवाल ओळखता येतो. खऱ्या मापांत एखादा नग वरच्या मर्यादेला टेकलेला असतो, एखादा खाली झुकलेला असतो. कापणारे टूल झिजत जाते तसतसा बाहेरचा व्यास वाढत जातो, ती चढण खऱ्या आकड्यांत दिसते. खोटी मापे मात्र शहाण्या मुलांसारखी मधोमध गोळा होऊन बसतात. ओळखता येते, पण ओळखायची कोणाला इच्छा नसते.

भाच्याने गेल्या मार्चअखेरीस जेवढे नग मोजून झाले होते तेवढ्यांचीच मापे भरली. उरलेल्या रकान्यांवर आडवी रेघ मारली, तिच्यावर ‘मोजलेले नाहीत’ असे लिहिले, आणि खाली तारीख व वेळ घालून पूर्ण सही केली. त्याने आवाज चढवला नाही, राजीनाम्याची भाषा केली नाही, कोणाला उपदेश केला नाही. अर्थातच गाडी थांबली, वरिष्ठ चिडले, रात्रपाळीच्या माणसांना उरलेले नग मोजत बसावे लागले. त्यातला एकही नग नापास झाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत शेवटी हटकून मोठा दोष सापडतो आणि नायकाचे म्हणणे खरे ठरते. इथे तसे काही झाले नाही. माल उत्तम होता. भाच्याच्या वार्षिक मूल्यमापनात ‘सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही’ असा शेरा आला आणि पगारवाढ बेताची झाली. त्याच्या मायक्रोमीटरच्या डबीवर आतल्या बाजूने क्लिंगॉन साम्राज्याचे तीन टोकांचे चिन्ह चिकटवलेले आहे. ते चिन्ह नसते तर त्याने कोऱ्या रकान्यांवर आकडे भरले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण आमच्या विभागात ज्ञानेश्वरी पाठ असणारी माणसे होती आणि रकाने भरणारीही होती, आणि पुष्कळदा ती तीच होती, एवढे मी सांगू शकतो.

या मंडळींच्या बैठकीला मी एकदा जाऊन बसलो. पत्रलेखकांना ज्याची भीती वाटते ती शस्त्रे तिथे नव्हती. बॅटलेथ नावाचे चंद्रकोरीसारखे दुधारी हत्यार मालिकेत आहे, त्याची फोमची एक प्रतिकृती भाच्याच्या खोलीत कपाटावर पडून असते आणि ‘हे टाकून देऊ का’ असे माझी बहीण दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते; तेवढाच काय तो शस्त्रसाठा. बैठकीत मध्यभागी होती ती अप्पा बळवंत चौकातून आणलेली, लाल कापडी बांधणीची जाडजूड खतावणी. तिच्यात प्रत्येकाने मागच्या बैठकीत कोणते वचन दिले ते लिहिलेले असते आणि पुढच्या वेळी ते ज्याचे त्याने उभे राहून वाचायचे असते, पाळले की नाही ते सांगायचे असते. न पाळलेले वचन खोडायचे नाही. ते तसेच राहते आणि पुढच्या पानावर पुन्हा उतरवले जाते. वचने पाहून मला थोडे हसू आले, मग आले नाही. वडिलांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन जाणे. सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबणे, मागचा हॉर्न वाजवत असला तरी. पगार का अडला हे मालकाला फोनवर न विचारता समोर बसून विचारणे. मोडलेल्या लग्नातले दागिने परत करणे. एका मुलीचे ‘रात्री अकरानंतर कोणाबद्दल काही न लिहिणे’ हे वचन लागोपाठ अनेक पानांवर उतरत आलेले होते, आणि ती ते वाचताना कोणी हसले नाही.

चेहरा लपवून वार करणाऱ्याला क्लिंगॉनांत मान नाही, हा त्यांच्यातला एक जुना दंडक. या गटाने तो सर्वांत गंभीरपणे घेतलेला दिसतो, आणि आपल्या शहराला त्याचीच सर्वाधिक गरज असावी. आमच्या गृहनिर्माण संस्थेत तक्रारपेटी उघडली की निनावी चिठ्ठ्यांचा खच पडतो. कोणाच्या कुत्र्यापासून कोणाच्या सुनेपर्यंत सर्व विषय त्यात येतात, सही मात्र एकाखाली नसते. आता व्हॉट्सॲपच्या गटावर नाव दिसते, पण समोरासमोर नसल्यामुळे भीड चेपलेली असते आणि जिन्यात भेट झाली की दोघेही ‘काय, जेवण झालं का’ असे विचारून निघून जातात. याच संस्थेत भाड्याने राहणारा एक तरुण या गटात आहे. अविवाहित मुलांना जागा देऊ नये असे मानणारे सभासद आमच्याकडे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात एका रात्री गच्चीवरच्या टाकीचे सारे पाणी वाहून गेले आणि सकाळी इमारत कोरडी. व्हॉल्व्ह उघडा ठेवल्याचा आळ रखवालदारावर आला, त्याच्या पगारातून टँकरचे पैसे कापायचे असेही ठरत आले होते. विशेष सभेत हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, की व्हॉल्व्ह माझ्याकडून उघडा राहिला, टँकरचे पैसे मी देतो. सभेत क्षणभर कोणालाच काय बोलावे ते सुचेना, कारण आपल्याकडे असे कोणी म्हणत नाही. मग अध्यक्षांनी नियमाप्रमाणे ठराव घेतला. रखवालदाराची माफी मागण्याचा ठराव कोणी मांडला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

क्लिंगॉनांच्या रोखठोकपणाबद्दल मात्र पुणेकरांनी फार काही शिकण्याची गरज नाही. त्यांच्याकडे नमस्कार-चमत्कार नसतात, आलेल्याला काय हवे ते थेट विचारले जाते. आपल्या काही पेठांतील दुकानांत हा आचार पिढ्यानपिढ्या पाळला जात आहे.

इथवर मी या मुलांची बाजू मांडली. पण क्लिंगॉनांचे सगळेच घ्यावे असे मला वाटत नाही, आणि त्यांच्या बैठकीतही ते मी सांगितले. १९९० मध्ये दाखवल्या गेलेल्या एका भागात वर्फच्या मृत वडिलांवर फितुरीचा खोटा आरोप येतो. खरा फितूर दुसऱ्या एका बलाढ्य घराण्याचा पुरुष असतो, हे सर्वोच्च मंडळातील वरिष्ठांना माहीत असते. परंतु ते उघड केले तर साम्राज्यात यादवी माजेल म्हणून सत्य दडपले जाते. वर्फ आपल्या भावाचा जीव आणि साम्राज्याची शांतता राखण्यासाठी तो कलंक स्वतःवर घेतो, आणि सारे सरदार हात छातीवर बांधून एकामागून एक त्याच्याकडे पाठ फिरवतात. प्रसंग विलक्षण आहे. गटातल्या मुलांच्या डोळ्यांत तो आठवूनही पाणी येते. मला मात्र त्यात वर्फपेक्षा ते पाठ फिरवणारे सरदार अधिक दिसतात. बापाच्या कथित गुन्ह्यासाठी मुलाला समाजाबाहेर काढणे याला आपल्या गावांत वाळीत टाकणे म्हणतात. त्यापायी किती कुटुंबांचे पाणी तुटले, किती मुलींची लग्ने अडली, किती प्रेतांना खांदा मिळाला नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. क्लिंगॉनांच्या सर्वोच्च मंडळाला आपल्याकडे जामीन घ्यावा लागला असता. बड्या घराण्याचे नाव राखण्यासाठी लहान माणसाने कलंक सोसणे हे मी सन्मानाचे मानत नाही, मग तो सोसणारा कितीही थोर मनाचा असो. यावर बैठकीत बराच वाद झाला. दोन मुली माझ्या बाजूने होत्या, भाचा विरुद्ध होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९२ च्या एका भागात वर्फच्या पाठीच्या कण्याला इजा होते, पाय निकामी होतात, आणि जमातीच्या रीतीप्रमाणे तो मरणाची मागणी करतो. जो उभा राहून लढू शकत नाही त्याचे जिणे लाजिरवाणे, असा तो संकेत. मित्राला तो मदत मागतो, मित्र नकार देतो आणि त्याला सांगतो की रीतच पाळायची तर हे काम तुझ्या लहानग्या मुलाचे आहे, त्याला सांग. ते त्याला सांगवत नाही. पुढे शस्त्रक्रियेने तो बरा होतो आणि लेखकांची सुटका होते. आपल्याकडची गोष्ट अशी सोपी नाही. मुरलीकांत पेटकर हे आपल्या लष्कराच्या ईएमई या यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या विभागातले मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. मुष्टियुद्ध संपले, तेव्हा ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले, हा निराळा विषय. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. योद्ध्याच्या शीलाची चर्चा पुण्यात बसून करायची तर त्या केंद्राला वळसा घालून करता येणार नाही, असे मी त्या मुलांना सांगितले. ज्या रीतीला चाकाच्या खुर्चीतला सैनिक दिसत नाही, ती रीत कपाळावरच्या वळ्यांसह मालिकेतच राहू द्यावी. ते त्यांना पटले. खतावणीत त्या केंद्राच्या भेटीची परवानगी काढण्याचे वचन कोणीतरी लिहिले.

या त्रुटी खुद्द मालिकेच्या लेखकांना ठाऊक आहेत, हे पत्रलेखकांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे. २००३ मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात कोलोस नावाचा म्हातारा क्लिंगॉन वकील येतो. त्याचे वडील शिक्षक, आई विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ. पूर्वी आमच्या समाजात योद्धे हा अनेकांतला एक वर्ग होता, आता मात्र हातात धरता येऊ लागल्याबरोबर पोरांना शस्त्र हवे असते आणि दुबळ्याला हरवण्यातही सन्मान असतो असे त्यांना शिकवले जाते, अशी खंत तो व्यक्त करतो. आणि मग स्वतः, आयुष्यभर खालमानेने नोकरी केल्यानंतर, न्यायालयात उभा राहून न्यायाधीशाला खडे बोल सुनावतो आणि त्याबद्दल शिक्षा भोगायला जातो. त्या कथाविश्वातला मला सर्वांत शूर वाटलेला क्लिंगॉन तो आहे, आणि त्या भागात तो हाती शस्त्र धरत नाही. गटातील बहुतेकांनी तो भाग पाहिलेला नव्हता. वर्फच्या पलीकडे त्यांचे वाचन-पाहणे जात नाही, ही माझी तक्रार मी इथेही करून ठेवतो.

राहिला प्रश्न सभागृहाचा. आपल्या अंकातील त्या पत्रानंतर या गटाला नेहमीचे सभागृह ‘तूर्त उपलब्ध नाही’ असे तोंडी कळवण्यात आले. लेखी कारण मागितले असता मिळालेले नाही. ही मंडळी संध्याकाळी सहाला जमतात आणि आठला उठतात, ढोल वाजवत नाहीत, ध्वनिक्षेपक लावत नाहीत, भाडे आगाऊ भरतात. गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे नदीकाठी जो सराव चालतो तो आपण सगळे कौतुकाने सोसतो. त्या तुलनेत बारा-पंधरा मुलांनी खतावणी वाचणे शेजाऱ्यांच्या कानावरही जात नाही. सभागृहाच्या व्यवस्थापनाने त्यांच्याविरुद्ध काही तक्रार आली असल्यास ती त्यांना दाखवावी आणि तिच्यावर नाव असल्यास त्या गृहस्थांना पुढच्या बैठकीला बोलवावे. मुले त्यांचे म्हणणे ऐकून घेतील याची हमी मी देतो. तक्रार नसेल तर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची नोंदणी पूर्ववत करून त्यांना लेखी पावती द्यावी. अनामत रक्कम वाढवायची असेल तर वाढवावी. ती मी भरीन.

आपला,
(सही)
निवृत्त गुणवत्ता निरीक्षक,
कोथरूड, पुणे